दादासो डॉक्टरांची गाडी घसरली, त्यानंतर

दादासो कांबळे हे तसे डॉक्टर नव्हेत. दूध संघाच्या पशुवैद्यकीय विभागात ते पशुधन पर्यवेक्षक. पण बिद्रीच्या आसपासच्या गावांत त्यांना दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारलेली कुणी ऐकली नाही. म्हैस पान्हा चोरू लागली, गाय माजावर येईना, रेडकू पोट फुगवून बसलं, की फोन डॉक्टरांना. डॉक्टर गाडीला किक मारायचे आणि निघायचे. कॅरिअरला औषधांची पेटी, खिशात तंबाखूच्या जागी आता बडीशेप, पायात चपला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण गाडीवर बसला की मान अशी ताठ, जणू घोड्यावर बसलाय.

त्यांना एका गोष्टीचा फार अभिमान होता. ‘‘आजवर गाडीवरनं पडलो न्हाय,’’ असं ते चहाच्या टपरीवर बसून सांगायचे. ‘‘गाडी माझ्या मांडीला ओळखती. तिला म्हाईत हाय, कुटं वळायचं ते.’’

ऐन ऊस तोडणीच्या दिवसांत, डिसेंबरातल्या एका सकाळी, गाडीनं ओळख विसरायचं ठरवलं.

पाटाच्या पुलावरून रस्ता उतरतो आणि उतरता उतरताच डावीकडं वळतो. त्या वळणावर आदल्या दिवशी शेतातून उसाची ट्रॉली बाहेर पडली होती. चाकाला लागून आलेला काळा चिखल आणि वर पाचट, दोन्ही रात्रीच्या दवानं भिजलेलं. हे वळण दादासोंनी आयुष्यात किती वेळा घेतलं असेल त्याला गणती नाही. त्या दिवशीही ते एका हातानं मफलर सारखा करतच वळत होते. समोर काळं काहीतरी दिसलं आणि त्यांनी दचकून पुढचा ब्रेक दाबला. गाडी निमूट खाली बसली. म्हैस बसते तशी. मग गाडी आणि तिच्यासोबत दादासो सरकत सरकत रस्त्याच्या कडेला गेले.

डोक्यावर हेल्मेट होतं. ते काही शहाणपणामुळं नव्हे. कोल्हापूर शहरात शिरताना पोलिसांसाठी घालायचं म्हणून एरवी ते आरशाला लटकत असायचं. पण त्या दिवशी थंडीनं कान गार पडले होते, एवढंच.

मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्या आकारामनं उडी मारून गाडी उचलली, डॉक्टरांना कडेला बसवलं. ‘‘दवाखान्यात सोडू का?’’ त्यानं विचारलं. ‘‘मीच डॉक्टर हाय की,’’ दादासो म्हणाले आणि लंगडत उठले. गुडघ्याची पँट फाटली होती. कोपराचं कातडं गेलं होतं, उजव्या तळव्यात खडी रुतली होती. त्यांनी पेटी उघडली, जनावरांच्या जखमेवर मारायचा जांभळा स्प्रे काढला आणि स्वतःच्या गुडघ्यावर, कोपरावर, तळव्यावर भरपूर मारून घेतला. मग वाकड्या हँडलची गाडी तशीच चालवत कामाला गेले, एका गायीला इंजेक्शन दिलं आणि दुपारी घरी येऊन पाय पोटाशी घेऊन कॉटवर पडले.

त्यांच्या पत्नी अंजना अंगणवाडी सेविका. खोटं बोलणारं माणूस ओळखणं हा त्यांचा रोजचा धंदा, माणसं तीन-चार वर्षांची असली तरी.

‘‘गुडघा जांभळा कशानं झालाय?’’ त्यांनी विचारलं.

‘‘थोडं लागलंय. स्प्रे मारलाय.’’

‘‘कुटला स्प्रे?’’

दादासो छताकडं बघत राहिले.

‘‘म्हशीचा?’’

‘‘औषध एकच असतंय गं.’’

‘‘बरं. मग उद्यापास्नं पेंड बी तीच खावा,’’ अंजना म्हणाल्या आणि रिक्षा बोलवायला बाहेर गेल्या.

सरकारी दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, खडी निघाली, मनगटाचा फोटो निघाला. मोडलं काही नव्हतं. मुरगळलं होतं. तिथल्या नर्सनं जांभळा रंग बघून काही विचारलं नाही, पण दुसऱ्या नर्सला बोलावून दाखवला.

त्यांची मुलगी प्रीती जयसिंगपूरला एका शाळेत गणित शिकवते आणि तिथंच खोली घेऊन राहते. शनिवारी ती एस.टी.नं आली. वडिलांकडं बघण्याआधी ती अंगणात गेली आणि गाडी बघून आली.

‘‘पप्पा, ह्या टायरवर तुम्ही कसं काय फिरत होता?’’

‘‘फिरत हुतो की चांगला.’’

गाडी टेम्पोत घालून बापलेक कोल्हापूरला, उद्यमनगरात सयाजीच्या गॅरेजवर गेले. सयाजी आणि दादासो हायस्कूलला एका बाकावर बसायचे. त्यामुळं सयाजीनं आडपडदा ठेवायचा प्रश्नच नव्हता. त्यानं मागच्या चाकावरून तळहात फिरवला.

‘‘डॉक्टर, ह्यो टायर हाय का दुधी भोपळा?’’

‘‘चालत हुता की.’’

‘‘चालत न्हवता. घसरायची वाट बघत हुता.’’ मग तो पुढं आला आणि पुढच्या टायरच्या बाजूला नख लावलं. तिथं भेगांची जाळी झाली होती. ‘‘ह्येला नक्षी दिसतीय, पर रबर वाळून कडक झालंय. ऊन खाऊन, वर्षं खाऊन. ओल्यावर धरणार कशानं? हवा कवा बघितलासा?’’

‘‘टायर बसला न्हाय म्हंजे हवा हाय.’’

‘‘म्हस उभी हाय म्हंजे बरी हाय, असं तुमी लोकांस्नी सांगता काय?’’

 नेमकं ह्याच्या उलट दादासो लोकांना रागानं ऐकवायचे. उभी आहे म्हणून बरी नसते, खूर बघा, डोळे बघा, रवंथ करते का बघा. ती सगळी बोलणी त्यांना तिथं गॅरेजात, तेलाच्या वासात, एकामागून एक आठवली.

‘‘बरं, हँडल तेवढं सरळ कर आणि दे,’’ ते म्हणाले.

‘‘सरळ केलेलं हँडल परत तितंच वाकतंय. नवीन बसवणार. क्लचची दांडी अर्धी मोडलीया. पुढचा शॉकअप तिरका झालाय, त्यो उतरवून बघाय लागणार. दोनी टायर, ब्रेकचे गट्टू, आणि ही चेन बघा.’’ त्यानं चेन बोटानं वर उचलली. ती झोपाळ्यासारखी हलली. ‘‘तीन-चार दिस गाडी मागू नगा. मागितलासा तरी देणार न्हाय.’’

प्रीतीनं पिशवीतून हेल्मेट काढलं आणि त्याच्यापुढं ठेवलं. ‘‘काका, हे चालंल का अजून?’’

‘‘ते फुटलं न्हाय गं,’’ दादासो घाईनं म्हणाले.

सयाजीनं हेल्मेट उलटं केलं, आतलं अस्तर बाजूला करून थर्माकोल दाबून बघितलं. एका जागी ते दबून बसलं होतं. ‘‘ह्येचं काम झालं,’’ तो म्हणाला. ‘‘ह्येनं तुमच्या वाटणीचा मार एक डाव खाल्लाय. दुसऱ्या डावाला ह्यात काय उरलं न्हाय.’’

दादासोंनी हेल्मेट हातात घेतलं. कानाच्या वरच्या बाजूला तळहाताएवढा रंग खरवडून गेला होता, खाली पांढरं दिसत होतं. घरी हे त्यांनी बघितलं नव्हतं, किंवा बघायचं टाळलं होतं. त्यांचा दुसरा हात आपोआप त्याच जागी, स्वतःच्या कानावर गेला.

त्यानंतर शाहूपुरीतल्या दुकानात प्रीती म्हणेल त्याला ते ‘बरं’ म्हणत गेले. कोपर, खांदे आणि पाठीला जाड पॅड असलेलं काळं जाकीट. हातमोजे. गुडघ्याला बांधायचे गार्ड. घोटा झाकणारे बूट. तोंड झाकणारं मोठं हेल्मेट. घरी आल्यावर प्रीतीनं सगळं त्यांच्या अंगावर चढवलं आणि त्यांना अंगणात उभं केलं. अंजना दारात आल्या, बघितलं आणि उंबऱ्यावर बसून हसत सुटल्या. पदर तोंडाला लावूनही हसू थांबेना.

‘‘आई, हसू नको. आता घालताहेत, मग काढून ठेवतील,’’ प्रीती म्हणाली.

‘‘न्हाय गं, चांगलं दिसालंय,’’ अंजना डोळे पुसत म्हणाल्या. ‘‘पर ह्यास्नी आत्ता सांगून ठेव, अंगणवाडीकडं येऊ नका. माझी पोरं पळून जातील.’’

पोरांचं राहू दे, पळून गेली म्हैस.

गाडी गॅरेजातून आली, मनगट जागेवर आलं आणि पहिला फोन आला तो धोंडुबाईंचा. धोंडुबाई एकट्या राहतात, एक म्हैस आणि दोन शेळ्या घेऊन. दादासो जाकीट, मोजे, गार्ड, बूट, सगळा सरंजाम घालून त्यांच्या गोठ्यासमोर उतरले आणि तसेच आत शिरले. म्हशीनं मान वर केली. काळं, चकचकीत, डोळे नसलेलं काहीतरी आपल्याकडं चालत येतंय हे तिला दिसलं. तिनं एक झटका दिला, दावं तुटलं आणि ती गव्हाण ओलांडून, शेळ्यांना तुडवायचं थोडक्यात चुकवून, थेट गल्लीत.

‘‘कोन हाय त्यो?’’ धोंडुबाई काठी घेऊन धावल्या. ‘‘आवो पावणं, कुनाकडं आलायसा? माझ्या म्हशीला काय केलासा?’’

हेल्मेटच्या आतून दादासो ‘‘मी हाय, मी!’’ असं ओरडत होते. बाहेर फक्त ‘‘म्‌म्‌म्‌’’ असं येत होतं. शेवटी त्यांनी हेल्मेट उपसलं.

‘‘आगं बाई, डागदर! मी म्हटलो, लाईटीचं मानूस आलंय खांबावर चढाय.’’

म्हैस गल्लीच्या टोकाला उभी राहून फुत्कारत होती. दादासोंनी जाकीट काढून भिंतीवर टाकलं, बाह्या सरसावल्या आणि नेहमीच्या आवाजात ‘‘ये बाय, ये’’ म्हणत हळूहळू तिच्याकडं गेले. तिनं त्यांचा हात हुंगला, पुन्हा हुंगला आणि मान खाली घातली. बघायला जमलेल्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या. धोंडुबाईंनी चहा केला आणि डॉक्टर चहा पिईपर्यंत त्या जाकिटाला बोटानं टोचून बघत राहिल्या.

त्या दिवसापासून दादासोंनी एक शिस्त लावून घेतली. वस्तीच्या कडेला गाडी लावायची, सरंजाम उतरवून गाडीवर ठेवायचा आणि मग माणसात, म्हणजे जनावरात, जायचं. सकाळी निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी. टायर दाबून बघायचे, चेन बोटानं उचलून बघायची, दोन्ही ब्रेक, दिवा, तेल. हे काम त्यांना आवडू लागलं. नवीन जनावर तपासावं तसं ते गाडी तपासायचे. अंजनांनी एकदा त्यांना टाकीवर थोपटतानाही बघितलं.

सगळं कसं झकास चाललं होतं. फक्त एक गोष्ट दादासो कुणाला सांगत नव्हते. पाटाच्या पुलावरून ते आता जातच नव्हते.

पहिल्या दिवशी ते तिथवर गेले होते. पूल दिसला आणि हातमोज्याच्या आत बोटं ताठ झाली. फोन आल्यासारखं करून त्यांनी गाडी कडेला घेतली, नसलेल्या माणसाशी ‘‘व्हय, व्हय, येतो’’ असं बोलले आणि मागं फिरून मुदाळ तिट्ट्याच्या बाजूनं लांबचा रस्ता धरला. दुसऱ्या दिवशी फोनचं नाटकही केलं नाही, सरळ लांबूनच गेले. कुणी विचारलंच तर उत्तरं तयार होती. तिकडं पेट्रोल पंप पडतो. तिकडं चहा बरा मिळतो. तिकडचा रस्ता नवीन झालाय. ही उत्तरं देता देता त्यांना स्वतःलाही ती खरी वाटायला लागली होती.

मग एके दुपारी पिराजीचा फोन आला. पुलापलीकडच्या वस्तीवरचा शेतकरी. म्हैस अडली होती. ‘‘डॉक्टर, लौकर या. एकच पाय भाईर आलाय.’’

दादासो तेव्हा बिद्रीतच होते. पुलावरून गेलं तर चहा थंड व्हायच्या आत पोचले असते. ते पुलाच्या फाट्यावर आले, गाडी थांबवली, पुढं बघितलं. आणि लांबच्या रस्त्यानं सुसाट निघाले.

पिराजी वाटेवर येऊन उभा होता. दादासोंनी दंडापर्यंत हात धुतला, आत घातला, मागं मुडपलेला दुसरा पाय शोधला. घामानं डोळे चुरचुरायला लागेपर्यंत झटले. पाय सरळ झाला, मग पिराजीनं आणि त्यांनी मिळून ओढलं. रेडी बाहेर आली ती निपचित. दादासोंनी तिच्या नाकातोंडातला बुळबुळीत पदार्थ पुसला, पेंढ्याच्या बोळ्यानं छाती खसाखसा घासली, मागचे पाय धरून उलटी केली. थोड्या वेळानं ती शिंकली.

‘‘जगली!’’ पिराजी आनंदानं ओरडला. आणि मग, मोकळ्या मनाचा माणूस, सहज म्हणाला, ‘‘पर डॉक्टर, बिद्रीतनं कुटल्या वाटंनं आलासा वो? चंदगड बघून आलासा काय?’’

गोठ्याशी जमलेली वस्ती हसली. दादासोही हसले. पण हौदावर हात धुताना त्यांना हसू येईना. अजून थोडा उशीर झाला असता तर ती शिंकली नसती. हे पिराजीला माहीत नव्हतं. त्यांना होतं.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर अंजना भांडी विसळत होत्या. दादासो मोरीच्या दारात येऊन उभे राहिले.

‘‘अंजना, मी पाटाच्या पुलावरनं जात न्हाय.’’

‘‘ठावं हाय.’’

‘‘कसं काय?’’

‘‘बुटाला रोज तांबडा मुरूम लागून येतोय. आपल्या ह्या बाजूला तांबडी माती हाय कुटं?’’

‘‘मग बोलली न्हाईस?’’

‘‘अंगणवाडीत एकादं पोरगं कोपऱ्यात जाऊन बसलं की मी इचारत न्हाय,’’ अंजना म्हणाल्या. ‘‘ते आपसूक येऊन सांगतंय.’’

रविवारी सकाळी अंजना गाडीजवळ आल्या तेव्हा त्यांच्या डोक्यावर प्रीतीचं घरी पडून असलेलं स्कूटीचं हेल्मेट होतं, पदर कमरेला खोचलेला आणि हातात खराटा.

‘‘खराटा कशाला?’’

‘‘चला तर.’’

पुलाच्या अलीकडं दादासोंनी गाडी थांबवली. अंजना उतरल्या, चालत वळणावर गेल्या आणि रस्ता बघितला. पाचट होतंच, वाळलेल्या चिखलाची ढेकळंही होती. त्यांनी अंगण झाडावं तसं वळण झाडायला सुरुवात केली. दादासो कडेला दगडावर बसून बघत होते.

‘‘पडलो त्येचं काय न्हाय,’’ ते एकदम म्हणाले. ‘‘पडतंय मानूस.’’

खराटा चालू होता.

‘‘गाडी पायावर हुती. डावा पाय खाली गावला हुता. काढाय गेलो तर निघंना. आणि मागनं ट्रॅक्टरचा आवाज आला. मला मागं बघता येत न्हवतं. नुसता आवाज मोठा मोठा व्हायला लागला. मग मान वळवली तर चाक दिसलं. मोठं. त्येच्यातला चिखल बी दिसत हुता बघ, येवडं जवळ.’’ त्यांनी हातानं अंतर दाखवलं. ‘‘तितं थांबलं.’’

खराटा थांबला होता.  अंजनांनी हेल्मेट काढून दोन्ही हातांत धरलं, मग परत घातलं.

‘‘ट्रॅक्टरवाला कोन हुता?’’

‘‘आकाराम. त्यानंच मला उचललं.’’

‘‘त्याला घरी च्याला बोलवूया,’’ अंजना म्हणाल्या आणि राहिलेला रस्ता झाडायला लागल्या. या वेळी जरा जोरात.

झाडून झाल्यावर त्या वळणाच्या आतल्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. दादासो गाडीवर बसले. गाडी परत देताना सयाजीनं सांगितलेलं त्यांनी मनात घोळवलं. वेग वळणाच्या आधी कमी करायचा. वळणात ब्रेकला हात लावायचा नाही. जिथं पडायची भीती आहे तिथं बघायचं नाही, जिथं जायचंय तिथं बघायचं. पहिल्या खेपेला ते दोन्ही पाय जमिनीवर घासत, बैलगाडीच्या चालीनं उतरले. दुसऱ्या खेपेला पाय उचलले, पण खांदे कानाला लागले होते. तिसऱ्या खेपेला शेजारून दोघं मोटारसायकलवरून आले आणि थांबले.

‘‘काय पडलंय काय, मावशी? हुडकू लागू का?’’

‘‘काय पडलं न्हाय बाबा,’’ अंजना म्हणाल्या. ‘‘डॉक्टर गाडी शिकाय लागल्यात.’’

हेल्मेटच्या आत दादासोंना इतकं हसू आलं की काच धुकटली. आणि त्या हसण्यातच, काच वर करता करता, त्यांनी वळण घेऊनही टाकलं. कळलं ते खाली गेल्यावर. नजर लांब, पलीकडच्या उसाच्या तुऱ्यांवर होती, आणि गाडी आपली नजरेच्या मागून गेली होती. ते परत वर आले, अंजनांना मागं बसवलं आणि पुन्हा एकदा उतरले. अंजनांनी त्यांच्या जाकिटाला घट्ट धरलं होतं. वळण संपलं तरी सोडलं नाही.

आकाराम पुढच्या आठवड्यात चहाला येऊन गेला. लाजत लाजत दोन कप प्याला आणि म्हणाला, ‘‘मी बी लई भ्यालतो, डॉक्टर. ब्रेकवर उभाच राहिलो हुतो.’’ त्यावर दोघांचं बरंच बोलणं झालं. दादासोंनी चेष्टेचा सूर न लावता बोललेलं अंजनांनी बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

आता दादासो पुलावरून रोज जातात. गाडीवरनं कधी पडलो नाही, हे सांगणं बंद झालंय. त्याऐवजी त्यांना दुसरंच एक खूळ लागलंय. कुणाच्या गोठ्यात गेले की जनावर बघून झाल्यावर ते अंगणातल्या मोटारसायकलीकडं वळतात, उकिडवे बसतात आणि टायरवर अंगठा दाबतात. मग सुरू होतात. हवा कवा बघितलास? चेन बघ किती लोंबतीय. हेल्मेट कुटं हाय, माळ्यावर? लोकांनी याचा इतका धसका घेतलाय की डॉक्टर येणार म्हटलं की म्हैस दारात आणून बांधतात आणि गाडी आत नेऊन पोत्याखाली झाकतात.

परवा पिराजीकडं असंच झालं. म्हैस बघून दादासो हात पुसत इकडंतिकडं बघायला लागले.

‘‘डॉक्टर, गाडी न्हाय घरात,’’ पिराजी घाईनं म्हणाला. ‘‘भावानं नेलीया.’’

कोपऱ्यातल्या ताडपत्रीखालून मागचं चाक अर्धं बाहेर आलं होतं. दादासोंनी त्याच्याकडं बघितलं, पिराजीकडं बघितलं आणि गुडघ्यावर हात ठेवून त्या चाकापाशी खाली बसले.